दोन जोडण्या, एक राउटर: टीपी-लिंक ईआर६०५

पुण्यातल्या आमच्या गल्लीत रस्ता खोदला की फायबर तुटणार, हे आता सगळ्यांनी गृहीतच धरले आहे. तक्रार नोंदवली की ‘माणूस येऊन बघेल’ असे उत्तर मिळते आणि तो माणूस दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उगवतो. घरून काम करणाऱ्याला हे परवडत नाही, म्हणून मी दुसरी जोडणी घेतली आणि दोन्ही जोडण्या टीपी-लिंकच्या ईआर६०५ या राउटरला लावल्या.

हा राउटर वायफाय देत नाही, हे विकत घेण्यापूर्वीच ध्यानात घ्यावे. त्याला पाच गिगाबिट पोर्ट असून त्यांपैकी काही वॅन (बाहेरून येणाऱ्या इंटरनेटसाठी) किंवा लॅन (घरातल्या उपकरणांसाठी) असे आपण ठरवू तसे वापरता येतात. घरातला जुना वायफाय राउटर ॲक्सेस पॉइंट (फक्त वायफाय पसरवणारे उपकरण) करून मी त्याच्यामागे जोडला.

पहिल्या दिवशी फायबरच्या ओएनटीकडून (फायबर घरात येऊन जिथे जोडली जाते त्या डबीकडून) येणारी लॅनची वायर उपटून पाहिली, तर काही सेकंदांत दुसरी जोडणी सुरू झाली आणि मी निर्धास्त झालो. परंतु ती वायर उपटायला कोणी घरात येत नाही. तुटते ती बाहेरची फायबर. तेव्हा ओएनटीवरचा एलओएस (सिग्नल गेल्याचा) दिवा लाल लुकलुकतो, पण राउटरकडे जाणाऱ्या पोर्टचा हिरवा दिवा मात्र तसाच राहतो, म्हणजे राउटरला जोडणी चालूच वाटते. अशा वेळेसाठी या राउटरमध्ये ‘ऑनलाइन डिटेक्शन’ची सोय आहे. तिचा ‘ऑटो’ पर्याय त्या जोडणीने दिलेल्या डीएनएस सर्व्हरलाच (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता सांगणाऱ्या सर्व्हरला) विचारून पाहतो, आणि माझ्याकडे तो सर्व्हर म्हणजे खुद्द ओएनटीच होता. उंबऱ्याआतल्या माणसाला गावची खबर विचारावी, तसा हा प्रकार. म्हणून ‘मॅन्युअल’ निवडून पिंगसाठी (पलीकडून उत्तर येते का हे पाहण्यासाठी) ८.८.८.८ आणि डीएनएससाठी १.१.१.१ हे बाहेरचे पत्ते दिले, ओएनटीची हिरव्या टोकाची पॅचकॉर्ड काढली आणि पुन्हा चाचणी घेतली. दुसरी जोडणी सुरू होताना बाहेरचा आयपी पत्ता (इंटरनेटवरची आपली ओळख) बदलत असल्यामुळे चालू असलेला व्हिडिओ कॉल अडखळतो, पण थोड्या वेळाने आपोआप जोडला जातो. माझ्या दृष्टीने या राउटरची सगळी किंमत या एका सेटिंगमध्ये वसूल होते; ज्यांना सेटिंगच्या पानांत शिरायचा कंटाळा आहे, त्यांनी तो घेऊ नये.

लोड बॅलन्सिंगचा, म्हणजे दोन्ही जोडण्या एकाच वेळी वापरण्याचा, फारसा मोह धरू नये. १०० एमबीपीएसच्या दोन जोडण्या असल्या तरी एकाच डाउनलोडला २०० मिळत नाहीत, कारण प्रत्येक सत्र एकाच जोडणीवरून जाते. मी ‘लिंक बॅकअप’वरच, म्हणजे एक जोडणी पडली की दुसरी सुरू होण्यावरच, समाधानी आहे.

दुसरी जोडणीही मी आधी फायबरचीच घेणार होतो, पण गच्चीवर जाऊन पाहिले तर दोन्ही कंपन्यांच्या केबल एकाच खांबावरून, एकमेकींना पीळ घालून आलेल्या दिसल्या. त्या दोन्ही एकाच दिवशी तुटल्या असत्या, म्हणून मी ५जीवर चालणारी जोडणी घेतली.

राहता राहिला गुरुवार, म्हणजे देखभालीसाठी वीज जाण्याचा दिवस. त्यासाठी छोटा डीसी यूपीएस (अडॅप्टरच्या जागी थेट वीज पुरवणारी बॅटरी) पुरतो, मात्र माझ्या ओएनटीला १२ व्होल्ट लागतात आणि राउटरला ९, तेव्हा दोन्ही आउटपुट असलेलाच यूपीएस निवडावा आणि पिन लावण्यापूर्वी अडॅप्टरवरचा आकडा चष्मा लावून वाचावा.