हान्यू की चेन? माझं मत

जपानचा युझुरू हान्यू आणि अमेरिकेचा नेथन चेन, या दोन फिगर स्केटर्सचं (बर्फावरचं स्केटिंग) करिअर शेजारी ठेवून बघितलं की मेडलच्या हिशोबात हान्यू पुढे, २०१४ सोची आणि २०१८ प्योंगचांग असे लागोपाठ दोन ऑलिम्पिक गोल्ड, पुरुषांमध्ये असं डिक बटननंतर (१९४८, १९५२) कुणालाच जमलं नव्हतं. आणि तेही प्योंगचांगच्या तीनच महिने आधी उजवा घोटा दुखावलेला असताना!

चेनचं एक ऑलिम्पिक वैयक्तिक गोल्ड, २०२२ बीजिंग. पण वर्ल्ड चॅम्पियनशिप बघा, हान्यूच्या २ (२०१४, २०१७) आणि चेनच्या ३ (२०१८, २०१९, २०२१), त्यातली २०१९ ची तर जपानमध्येच सैतामाला, हान्यूला हरवून. वर तेव्हा येल युनिव्हर्सिटीचा अभ्यास चालूच होता.

मला चेनबद्दल सगळ्यात जास्त आदर वाटतो तो प्योंगचांगमुळे. शॉर्ट प्रोग्रॅममध्ये (स्पर्धेचा पहिला, छोटा भाग) पार १७ वा, दुसरा कुणी असता तर खचलाच असता, आणि हा फ्री स्केटमध्ये (दुसरा, मोठा भाग) ६ क्वॉड (हवेत चार फेऱ्यांच्या उड्या) मारून त्या भागात पहिला आला, एकूण पाचवा.

तरी मन हान्यूकडेच जातं. लँडिंग झाल्यावर त्याचा मागचा पाय उघडतो आणि वेग जराही तुटत नाही, जंप आणि स्केटिंग वेगळं काढताच येत नाही. बीजिंगमध्ये त्याने क्वॉड अ‍ॅक्सल ट्राय केला, म्हणजे समोर तोंड करून उडी आणि हवेत साडेचार फेऱ्या, पडला, चौथा आला. सेफ खेळला असता तर कदाचित मेडल मिळालं असतं, पण त्याला तीच उडी हवी होती. म्हणून माझा कौल हान्यूलाच.