नागपूरचं तिबेटी स्वेटर मार्केट : भाव करायला जाऊ नका, वेळ जातो

नोव्हेंबर लागला की आईचा एकच प्रश्न, तिबेटी आले का. यंदा रविवारी गेलो, ती चूक झाली, पाय ठेवायला जागा नाही आणि सगळ्या लाईनीत मिळून एकच आरसा, तोही थाळीएवढा. ट्रायल रूम वगैरे विसरा, अंगावर आहे त्याच्यावरच घालून बघायचं.

आम्ही वर्षानुवर्षं एकाच दुकानात जातो. दुकान चालवणारी ताई शुद्ध आपल्याकडची मराठी बोलते. आईने नेहमीप्रमाणे अकराशेचं कार्डिगन आठशेत मागितलं, "द्या न बाई, दरवर्षी येतो आम्ही", तर ती हसून म्हणे, "काकू, मागच्या वर्षी पण तुम्ही आठशेच म्हटलं होतं, आणि पूर्ण देऊनच गेल्या होत्या." आई गप्प! फिक्स रेट म्हणजे फिक्स रेट, दहा रुपये पण सुटत नाहीत.

माल चांगला आहे. ताईने स्वेटर उलटं करून शिवण दाखवली, बोटाने धागा ताणून दाखवला, आणि मी विचारलं तेव्हा सरळ सांगितलं की हे लुधियानाचं आहे. लोकांना वाटतं तिबेटहून विणून आणतात, तसं काही नाही बरं का. लुधियानाचे होलसेलवाले यांना उधारीवर माल देतात, सीझन संपला की हिशेब. यांचा शब्द चालतो तिथे. आधी बायका हाताने विणून विकायच्या, आता मशीनचंच असतं सगळं.

ताई गोंदिया जिल्ह्यातली, अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या गोठणगावजवळच्या नोर्ग्येलिंग वसाहतीतली. महाराष्ट्रातली तिबेटी निर्वासितांची वसाहत ती हीच, १९७२ ची. तेव्हा भंडारा जिल्हा होता म्हणून त्यांच्या कागदांवर अजून भंडाराच चालतं, गोंदिया १९९९ ला वेगळा झाला तरी. तिचे वडील १९५९ नंतर लहानपणीच आले, त्या वेळी लोकांना आधी आसामात मिसामारीच्या कॅम्पात ठेवायचे, मग कितीतरी जणांना हिमालयात रस्त्याच्या कामाला लावलं. जिथे जन्मभर थंडी पाहिली तिथून एकदम विदर्भातला मे महिना, विचार करा. इथे सरकारने जमीन दिली, मग धानाची शेती लागली, गालिचे विणायचं काम सुरू झालं. पावसावरची शेती असली की किती पुरणार, म्हणून थंडीत स्वेटर घेऊन अर्धं गाव बाहेर पडतं, घरी म्हातारे आणि शाळेतली पोरं राहतात.

एक गोष्ट डोक्यात जाते. शेजारी एक काका मोठ्याने म्हणत होते, "घ्या हो यांच्याकडून, बिचारे निर्वासित आहेत." काका, बिचारे कसले, तुमच्या आमच्यापेक्षा चोख धंदा करतात! मदत मिळाली ती पन्नास वर्षांपूर्वी, जमीन आणि उभं राहायला हात, आणि ती मदत कामी आली म्हणूनच आज ही बाई उधारीवर माल उचलून फेडून पण दाखवते. मी स्वेटर दयेने नाही घेत, ते टिकतं म्हणून घेतो. आईचं आधीचं सहा वर्षं चाललं, फक्त काखेत गोळे आले.

आता तक्रार. भाच्यासाठी घेतलेल्या जॅकेटची चेन आठव्या दिवशी तुटली. तेही दुसऱ्या दुकानातलं, या ताईचं नाही. बिल बिल काही नव्हतं, तरी बदलून दिलं, पण निळ्याच्या जागी गाजरी रंग, कारण साईज तेवढीच उरली होती. भाचा ते घालत नाही. मुलांची जॅकेटं घेताना चेन चारदा वरखाली करून बघा. क्यूआर कोड आहे सगळीकडे, पण गर्दीत नेटवर्क मरतं, रोख ठेवा.

पाचपैकी चार. एक आरशाचा कापला.

संक्रांत झाली की आवराआवर सुरू होते. आईचं म्हणणं शेवटच्या आठवड्यात भाव उतरतो. नाही उतरत, दोनदा जाऊन बघितलंय.