धुराड्याच्या कामात झालेली फसवणूक

घरच्या लहान कारखान्यात कोळशाची भट्टी लावू पाहणाऱ्यांनी धुराड्याचे काम कोणाला देण्यापूर्वी हा अनुभव वाचावा, अशी कळकळीची विनंती आहे. यात पैसे गेले ही लहान बाब. शेडमध्ये साठत गेलेला वायू जिवावर बेतू शकला असता.

गोराई गावात घरामागच्या शेडमध्ये मी कोयते, विळे आणि सुतारकामाच्या पटाश्या घडवतो. तिथल्या भट्टीला बाजूने धूर ओढणारे धुराडे हवे होते. बोरिवलीच्या एका फॅब्रिकेटरने, म्हणजे पत्र्याचे काम करणाऱ्याने, मापे घेऊन लेखी कोटेशन दिले, त्यात १२ इंच व्यासाची नळी, १६ गेजचा, म्हणजे साधारण १.६ मिलिमीटर जाडीचा, काळा (जस्ताचा मुलामा नसलेला) लोखंडी पत्रा आणि किलोवर दर असे स्पष्ट लिहिले होते. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळण्याचा आदेश दिला, त्यानंतरचे हे दिवस होते. आदेश बेकऱ्यांसंबंधीचा असूनही, ‘आता थांबलात तर पुढे धुराडे बसवूच देणार नाहीत’ अशी भीती घालून त्याने निम्म्याहून जास्त रक्कम आगाऊ घेतली. नळी त्याने काळा रंग मारूनच आणली आणि खाडीतली परतीची बोट गाठायची आहे असे सांगत माणसांकडून ती घाईघाईने चढवून घेतली.

दगडी कोळसा पेटताना सुरुवातीला पिवळसर, दाट धूर सोडतो आणि त्यातला धूर देणारा भाग जळून त्याचा कोक झाला की धूर जवळजवळ थांबतो; हा सुरुवातीचा धूर ओढून नेणे हेच धुराड्याचे खरे काम. आमच्याकडे तो हूडच्या, म्हणजे भट्टीजवळच्या धूर ओढणाऱ्या भागाच्या, तोंडातून परत बाहेर लोटू लागला. फोनवर उत्तर मिळाले, ‘नळी थंड आहे, तापली की ओढेल.’ हे अर्धसत्य होते, म्हणूनच ते पटले. थंड धुराडे खरोखरच ओढत नाही आणि आधी नळीत वर्तमानपत्राचा बोळा पेटवून ते तापवण्याची रीत जुनी आहे. पण नळी हात लावता येणार नाही इतकी तापल्यावरही ब्लोअर (भट्टीला हवा देणारा पंखा) सुरू करताच धूर शेडमध्येच पसरत होता. माझ्या पुतण्याचे डोके जड होऊन त्याला मळमळू लागले, तेव्हा मी भट्टी विझवली. दिसतो तो धूर निदान खोकला आणून सावध करतो. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास, आणि तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा कितीतरी घट्ट चिकटतो. डोकेदुखी आणि मळमळ ही त्याचीच सुरुवातीची लक्षणे आहेत.

हूडच्या खालच्या कडेवरचा रंग फुगून सुटला होता आणि तिथे एक भुकटी जमली होती, जी तापलेली असताना पिवळी दिसत होती आणि निवल्यावर पांढरी पडत होती. जस्ताच्या ऑक्साइडची ही खूण आहे. वरच्या भागावर कानस फिरवली, तेव्हा रंगाखालून जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या, पत्र्यावरची ती ओळखीची चमकदार फुले उघडी पडली. कोळशाच्या आचेने जस्ताची वाफ होते. ती श्वासात गेली तर काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो. लोहचुंबकाने ही लबाडी कळत नाही, कारण जीआयच्या आत लोखंडच असते. कानस मात्र खोटे बोलत नाही.

मोठी चोरी छपराच्या वर होती. छपराच्या पत्र्यापर्यंत नळी १२ इंची, त्यावर आत दडवलेला रिड्यूसर (व्यास कमी करणारा जोड) आणि पुढे फक्त ६ इंची नळी. वर इतकी रुंद टोपी बसवली होती की अंगणातून पाहणाऱ्याला सगळे धुराडे एकाच जाडीचे वाटावे. व्यास निम्मा झाला म्हणजे वाट चौथाईवर आली, ११३ चौरस इंचांऐवजी जेमतेम २८. शिवाय टोक आढ्याच्या खालीच थांबवले होते. छपरातून बाहेर पडल्यावर किमान तीन फूट आणि दहा फुटांच्या आतील छपराच्या सर्वांत उंच भागापेक्षा दोन फूट वर, हा सर्वमान्य ठोकताळा आहे. तो पाळला नाही तर पावसाळ्यात नैऋत्येचा वारा आढ्यावरून खाली वळून धूर नळीत परत ढकलतो.

नळी उतरवून मी ती गावातल्या भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवली. बिलात ७८ किलो होते, काट्यावर ३३ भरले. हा हिशेब कोणालाही आधीच करता येतो, कारण १२ इंची, १.६ मिलिमीटरच्या नळीचे वजन मीटरमागे सुमारे १२ किलो असते आणि पत्रा ०.८चा असेल तर ते बरोबर निम्मे भरते. म्हणून नळी बिनरंगाची मागवा, चढवण्यापूर्वी वजन करा, आणि तासभर भट्टी पेटवून पाहिल्याशिवाय उरलेली रक्कम देऊ नका.

जाब विचारल्यावर तो म्हणाला, ‘खाऱ्या हवेत काळा पत्रा गंजतो, म्हणून तुमच्याच भल्यासाठी जीआय लावला.’ गंजाची भीती खरी आहे. पण त्यासाठी छपरावरचा भाग स्टेनलेसचा करतात, आगीच्या तोंडाशी जस्त लावत नाहीत आणि बिलही काळ्या पत्र्याचे देत नाहीत. त्यानंतर त्याने फोन उचलणे बंद केले.

मुंबईतल्या दारूखाना या लोखंडाच्या बाजारातून पत्रा आणून नवे धुराडे दुसऱ्याकडून करून घेतले आहे आणि ते ब्लोअर पूर्ण सोडला तरी व्यवस्थित ओढते. पहिल्याविरुद्ध ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करत आहे. त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मार्गदर्शन मिळते. कोटेशन, बिल आणि काट्याची पावती जपून ठेवली आहे. भंगारवाल्याने जुनी नळी विकत मागितली होती, पण निकाल लागेपर्यंत ती शेडच्या मागेच राहील.