स्क्रॅच मॅप भिंतीवर लावून बरेच महिने झाले, आमच्या घरचा अनुभव

मुलांना घेऊन परदेशात फिरायचंय आणि भिंतीवर तो सोनेरी, खरवडायचा जगाचा नकाशा (जाऊन आलेला देश खरवडला की वरचा मुलामा निघून खालचा रंग दिसतो) लावावा का असा ज्यांना प्रश्न आहे त्यांच्यासाठी लिहितेय. थोडं मोठं होईल कारण सांगण्यासारखं बरंच आहे. आधीच सांगते, घ्या. पण किती देश झाले हे मोजायला घेऊ नका, त्या कामाला तो अगदीच कच्चा आहे. प्रश्न पाडायला मात्र त्याच्यासारखी वस्तू नाही, आमची गेल्या उन्हाळ्यातली अख्खी ट्रिप त्या प्रश्नांमधूनच निघाली.

आधी वस्तूबद्दल. नळीत गुंडाळून येतो, त्यामुळे उघडल्यावर कडा उचलून येतात, दोनतीन दिवस जाड पुस्तकांखाली दाबून ठेवा आणि मगच लावा. सोबत प्लॅस्टिकची त्रिकोणी पट्टी येते ती मोठ्या देशांना ठीक आहे, पण युरोपात तिचं टोक एका देशात आणि पोट शेजारच्या देशात जातं. आम्ही कानातला मळ काढायच्या काडीवर थोडं सॅनिटायझर लावून लहान देश पुसतो, सीमा स्वच्छ येते, फक्त आधी कोपऱ्यात करून बघा कारण प्रत्येक नकाशाचा मुलामा वेगळा असतो. खरवडल्यावर जो भुसा पडतो तो चमकीसारखा सगळीकडे चिकटतो, त्यामुळे नकाशा भिंतीवरून उतरवून खाली कागद टाकून खरवडायचा. आणि फ्रेम कराल तर समोरची काच काढता येईल अशीच करा, नाहीतर दर वेळी मागचे खिळे उपटत बसाल.

आमच्या नकाशावर आफ्रिकेच्या खालच्या टोकाजवळ अजून स्वाझीलँड लिहिलंय. २०१८ पासून त्या देशाचं नाव एस्वातिनी आहे, हे मोठीने शोधून काढलं, आणि मग तिने मेसिडोनियापण पकडला, तो २०१९ पासून उत्तर मेसिडोनिया आहे. तिने दोन्ही नावं बारीक पेनाने दुरुस्त केलीत. विकणाऱ्याला कळवलं तर उत्तर आलं की छपाई जुनी आहे. म्हणून घेताना आफ्रिकेचा भाग मोठा करून बघा, तिथे दक्षिण सुदान (२०११) आणि एस्वातिनी असेल तर नकाशा बऱ्यापैकी ताजा आहे असं समजा.

दुसरी गोष्ट म्हणजे आकार. धाकट्याला सुरुवातीला ग्रीनलँडलाच जायचं होतं कारण नकाशावर तो आफ्रिकेएवढा दिसतो, एकदा खरवडलं की केवढा मोठा तुकडा होईल! प्रत्यक्षात आफ्रिका ग्रीनलँडच्या जवळजवळ चौदापट आहे. गोल पृथ्वी सपाट चौकोनात बसवायची म्हणजे कुठेतरी ताणावं लागतं, आणि मर्केटर पद्धतीच्या नकाशात ध्रुवांकडचे देश फुगतात, ही पद्धत १५६९ ची आहे आणि जहाजांना दिशा धरायला सोपं जावं म्हणून केलेली. नवऱ्याने पृथ्वीचा गोल आणून शेजारी ठेवला आणि मुलं अर्धा तास दोन्हीकडे दोरा लावून मापं घेत बसली. माझ्यासाठी तर पैसे तिथेच वसूल झाले.

आता मोजणीचं. संयुक्त राष्ट्रांचे सदस्य १९३, शिवाय व्हॅटिकन आणि पॅलेस्टाइन हे दोन निरीक्षक, म्हणून बरेच जण १९५ धरतात. पण घरात वाद त्याच्याही पुढे जातो. नुसतं विमान बदललं तर तो देश धरायचा का (आमच्याकडे नाही). रशियात अकरा टाइम झोन आहेत, एकच शहर बघून एवढा मोठा देश खरवडणं बरोबर आहे का. फ्रेंच गयाना दक्षिण अमेरिकेत आहे पण तो फ्रान्सचाच भाग आहे, मग पॅरिसला जाऊन आलं की तिकडचाही तुकडा खरवडायचा का. आणि व्हॅटिकन तर अर्धा चौरस किलोमीटरसुद्धा नाही, आमच्या नकाशावर त्याचा ठिपकाही नाही. मोठीने नियम काढला की पासपोर्टवर शिक्का असेल तरच खरवडायचं, सगळ्यांना पटलं, आणि तो नियम बासलमध्ये पहिल्याच दिवशी मोडला.

बासल स्वित्झर्लंडमध्ये आहे, पण त्याचं विमानतळ फ्रान्सच्या जमिनीवर आहे. दोन्ही देश मिळून चालवतात, बाहेर पडायला एक दार स्विस बाजूला आणि एक फ्रेंच बाजूला, आणि त्याला कोडसुद्धा तीन आहेत, बीएसएल, एमएलएच आणि ईएपी, तिकीट शोधताना हे माहीत असू द्या. आम्ही दुसऱ्या शेंगेन देशातून (शेंगेन म्हणजे युरोपातले असे देश की ज्यांच्यात आपापसांत जाताना सहसा पासपोर्ट तपासत नाहीत) आलो होतो त्यामुळे शिक्का वगैरे काही नाही, सरळ स्विस दाराने बाहेर आणि बसमध्ये. धाकटा बसमधून विचारतोय, आई आत्ता आपण कुठल्या देशात आहोत? मी फोनवर बघितलं तर आम्ही अजून फ्रान्समध्येच होतो आणि बसचा रस्ता स्वित्झर्लंडचा.

दुसऱ्या दिवशीचं सगळं मोठीकडे दिलं होतं, तिचं तसं ठरलेलंच होतं (त्याबद्दल खाली लिहिते). तिने ८ नंबरची ट्राम धरली, ही २०१४ पासून सीमा ओलांडून जर्मनीतल्या वाइल आम राइनपर्यंत जाते. सीमेवर ट्राम थांबली, दारं उघडली, बंद झाली, संपलं. मुलं खिडकीला नाक लावून बसलेली, त्यांना वाटलं कुणीतरी आत येईल, आणि ट्राम पुढे निघालीसुद्धा. तिथून चालत ऱ्हाइनवरच्या तीन देशांच्या पुलापर्यंत गेलो, २००७ चा पूल आहे, फक्त पायी आणि सायकलवाल्यांसाठी, आणि पलीकडे फ्रान्समधलं उनिंग. पुलाची कमान चढताना जर्मनी, उतरताना फ्रान्स, आणि डावीकडे बघितलं तर थोड्या अंतरावर स्वित्झर्लंड. परतीला बसने सें-लुईपर्यंत आणि तिथून ३ नंबरच्या ट्रामने बासल. जेवायच्या वेळेपर्यंत तीन देश झाले आणि पासपोर्ट खिशातून निघालाच नाही. (तरी जवळ ठेवाच, मधूनमधून तपासणी होते.)

संध्याकाळी बासलच्या बंदराच्या टोकाला तीन देशांच्या संगमाचा खांब आहे तो बघायला गेलो. मुलांना त्याभोवती फिरून तिन्ही देशांत पाय ठेवायचे होते. तर खांब आहे स्विस जमिनीवर, आणि तीन सीमा खऱ्या जिथे मिळतात ती जागा नदीच्या मधोमध पाण्यात आहे. धाकटा पाचेक मिनिटं नुसता पाण्याकडे बघत उभा होता, मग म्हणाला, म्हणजे इथे रेघच नाहीये. नकाशावर ज्या रेघेसाठी हे दोघं इतके भांडायचे ती प्रत्यक्षात दिसतच नाही हे त्याला तिथे उभं राहून कळलं. मला नाही वाटत कुठल्या पुस्तकातून हे इतकं पोचलं असतं.

सीमा दिसली नाही तरी तिचे परिणाम मात्र जाणवतात आणि त्यातलं काहीही नकाशा सांगत नाही, त्यामुळे हा भाग नीट वाचा. त्या एका दिवसात पैसे फ्रँकचे युरो झाले आणि परत फ्रँक. स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये आहे पण युरोपियन युनियनमध्ये नाही, म्हणून युरोपचे म्हणून मिळणारे काही डेटा प्लॅन तिथे चालत नाहीत, घेताना देशांच्या यादीत ते नाव आहे का ते बघूनच घ्या. बासलमध्ये फोन आपोआप शेजारच्या देशाचं नेटवर्क पकडतो, तेव्हा सेटिंगमध्ये जाऊन नेटवर्क हाताने निवडून ठेवा. जर्मनीचा जाड गोल प्लग स्विस सॉकेटमध्ये बसत नाही कारण ते सॉकेट खोलगट आणि षटकोनी असतं, दोन पिनांचा चपटा प्लग मात्र दोन्हीकडे चालतो. आणि व्हिसा. शेंगेनमध्ये सध्या २९ देश आहेत आणि कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं, पण ब्रिटन आणि आयर्लंड त्यात नाहीत. नकाशा बघून "एवढं जवळ आहे तर लंडनपण करू" म्हणणारे खूप भेटतात. लंडनचा व्हिसा वेगळा लागेल तो लागेलच, शिवाय शेंगेन व्हिसा सिंगल एंट्री असेल तर तिकडून परत आत येता येणार नाही. व्हिसावर मल्टिपल लिहिलंय का ते बघा आणि मगच तिकीट काढा.

आता चिठ्ठ्यांबद्दल, कारण माझ्या मते या नकाशाचा खरा उपयोग त्यांच्यामुळे झाला. लावल्यावर काही आठवड्यांतच दिसायला लागलं की मुलं ठिकाणं खरवडता येण्यावरून निवडतायत, स्वस्तात पटकन जास्त देश कुठे होतील असा हिशोब चाललेला. मग सासूबाईंनीच सुचवलं की देशाचं नाव लिहूच नका, तिथे जाऊन काय करायचंय ते लिहा. मग नकाशाच्या कडेने चिकट चिठ्ठ्या लागल्या, प्रत्येकाची एक, आणि एकच नियम, वाक्यात क्रियापद हवं आणि ते स्वतः करायचं हवं. मोठीने लिहिलं, सगळ्यांना एक दिवस मी फिरवणार, रस्ता मीच शोधणार. धाकट्याने लिहिलं, रात्री बारा वाजता उन्हात खेळायचं. हे त्याला नकाशातल्या वरच्या तुटक रेघेमुळे सुचलं, ती आर्क्टिक वृत्ताची. नवऱ्याने लिहिलं, एक पूर्ण दिवस फोन न बघता चालायचं. आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, लिहिलं की डोंगरावर जायचं पण गुडघ्यांना त्रास न देता. माझी मी शेवटपर्यंत बदलत होते, शेवटी लिहिलं की एका ठिकाणी सलग राहायचं, रोज बॅग भरायची नाही.

गंमत म्हणजे या सगळ्या चिठ्ठ्या एकत्र ठेवल्यावर ठिकाणं आपोआप कमी झाली. मोठीसाठी बासल, आणि बाकीच्यांसाठी नॉर्वेत ट्रॉम्सो.

ट्रॉम्सो आर्क्टिक वृत्ताच्या साधारण साडेतीनशे किलोमीटर वर आहे आणि तिथे साधारण २० मे ते २२ जुलै सूर्य मावळत नाही. हे वाचून गेलो होतो तरी शरीराला पटत नाही. पहिल्या रात्री साडेअकराला आई विचारतायत, चहा ठेवू का? कुणालाच झोप नाही. पडदे जाड असले तरी फटीतून उजेड येतो, डोळ्यांवरच्या पट्ट्या प्रत्येकासाठी न्या, लहान मुलांना आधी घरी सवय करा म्हणजे काढून फेकत नाहीत. आणि ढग असतील तर सूर्य दिसणार नाही, नुसता उजेड राहतो, म्हणून तिथे एका रात्रीसाठी जाऊ नका. माझी एकाच जागी राहायची चिठ्ठी इथे सगळ्यांच्या कामी आली, कारण आमच्याही पहिल्या रात्री ढगातच गेल्या.

ढग उघडले त्या रात्री केबल कारने वर गेलो, ४२१ मीटरवर स्टेशन आहे, १९६१ पासून चालू आहे आणि आईंच्या गुडघ्यांना काहीही करावं लागलं नाही. मोठी आणि तिचा बाबा मात्र पायऱ्यांनी आले, बाराशेच्या आसपास दगडी पायऱ्या, आणि त्या बांधल्यात नेपाळहून आलेल्या शेर्पांनी! उत्तर ध्रुवाच्या इतक्या जवळ हिमालयातल्या माणसांच्या हातचं काम, मला तर ट्रिपमधलं हे सगळ्यात मोठं आश्चर्य वाटलं, आईंनी वर पोचलेल्या नातीला तीन वेळा विचारलं की दगड कसे बसवलेत, हलतात का. बारा वाजले तेव्हा धाकटा पळतच होता. मग त्याने विचारलं की सूर्य अजून खालीच का जातोय. घड्याळात बारा असले तरी उन्हाळ्यात तिथलं घड्याळ पुढे केलेलं असतं, त्यामुळे सूर्य सगळ्यात खाली येतो तो पाऊण वाजता, आणि तेव्हा तो बरोबर उत्तरेला असतो. मोठीने फोनवर कंपास लावून त्याला दाखवलं. उत्तरेला सूर्य, आम्ही सगळे बघतच राहिलो.

नॉर्वे खरवडताना सांभाळून, किनारा इतका कातरलेला आहे की मुलामा अर्धा समुद्रात निघतो. आम्ही आता पूर्ण देश खरवडतच नाही, जिथे गेलो तिथे बोटाच्या टोकाएवढा गोल करतो. धाकट्याचीच कल्पना, तो म्हणाला आपण नॉर्वे कुठे बघितलाय, आपण ट्रॉम्सो बघितलंय. यामुळे नकाशा फार भरलेला दिसत नाही, पाहुणे विचारतात एवढंच का, पण प्रत्येक गोलामागची गोष्ट दोन्ही मुलं न थांबता सांगतात.

इतक्या महिन्यांनंतर रंग टिकलाय, थेट उन्हात नाही म्हणून असेल. कडेला आमच्या हातांनी मुलामा थोडा झिजलाय. पाचपैकी चार देईन, एक कमी जुन्या नावांसाठी. खूप लहान मुलं असतील तर थांबा, हाताला लागेल ते खरवडून टाकतील, मुलं नकाशा वाचायला लागली की घ्या. दोन आकार मिळत असतील तर मोठाच घ्या, लहानात युरोप आणि कॅरिबियन बेटं निरुपयोगी आहेत. भोवती चारी बाजूंना वीतभर भिंत मोकळी राहील अशी जागा निवडा, चिठ्ठ्यांना लागते. नवऱ्याची फोन न बघता चालायची चिठ्ठी अजून तिथेच आहे, ट्रॉम्सोत दुपारपर्यंत जमलं होतं, पुढच्या वेळी पूर्ण दिवस करायचाय. आणि आईंनी स्वतःहून नवीन लावलीये, होडीत बसून बर्फाचा डोंगर जवळून बघायचा. सध्या घरात त्याचीच शोधाशोध चालू आहे, कुणी मुलं आणि ज्येष्ठ दोघांना घेऊन असं काही केलं असेल तर नक्की लिहा.