डॉस ६.२२ वर सीडी, स्कझी आणि झिप ड्राइव्ह: काही महिन्यांच्या वापरानंतर

आधी निकाल. डॉस ६.२२ या मायक्रोसॉफ्टच्या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमवर सीडी-रॉमसाठी ओकसीडीरॉम.सिस आणि एमएससीडेक्स ही जोडी जो तो सुचवतो. ती चालते, अडत नाही, पण मेमरी भरमसाट खाते. रोजच्या वापरासाठी व्हीआयडीई-सीडीडी.सिस आणि एसएचएसयूसीडीएक्स ही जोडी कितीतरी बरी. स्कझी (एससीएसआय, डिस्क आणि सीडी कार्डाला साखळीने जोडायची पद्धत) एकदा नीट बसलं की त्याकडे पुन्हा बघावं लागत नाही, पण बसेपर्यंत छळतं. समांतर (प्रिंटरच्या) पोर्टवरचा झिप ड्राइव्ह, म्हणजे काढघाल करता येणाऱ्या चकत्यांचा ड्राइव्ह, फाइलींची ने-आण करण्यापुरता ठीक.

मशीन साधंच आहे: पेंटियम १३३, ३२ एमबी रॅम, दोन आयडीई चॅनेल (मदरबोर्डवरच्या डिस्क-सीडीच्या जोडण्या), जुन्या आयएसए स्लॉटमध्ये अडॅप्टेकचं १५४२ मालिकेतलं स्कझी कार्ड, हार्ड डिस्कच्या जागी अडॅप्टरवर २ जीबीचं कॉम्पॅक्टफ्लॅश आणि दुसऱ्या चॅनेलवर आयडीई सीडी ड्राइव्ह.

सीडीच्या भानगडीत दोन वेगळे तुकडे असतात, आणि निम्मे घोटाळे ते एकच समजल्याने होतात. कॉन्फिग.सिस आणि ऑटोएक्झेक.बॅट या डॉस सुरू होताना वाचतो त्या दोन फाइली. पहिला तुकडा कॉन्फिग.सिसमधला ड्रायव्हर. तो कंट्रोलरशी बोलतो आणि स्वतःला एक नाव लावून घेतो. दुसरा ऑटोएक्झेक.बॅटमधला एमएससीडेक्स. तो सीडीवरची आयएसओ ९६६० ही फाइलींची रचना डॉसला ड्राइव्हचं अक्षर म्हणून दाखवतो. या दोघांना जोडणारा धागा एकच, /डी: नंतरचं नाव. एका फाइलीत एमएससीडी००१ आणि दुसऱ्या फाइलीत एमएससीडी०१ असं पडलं, की ‘डिव्हाइस ड्रायव्हर नॉट फाउंड’ आणि त्याखाली ‘नो व्हॅलिड सीडीरॉम डिव्हाइस ड्रायव्हर्स सिलेक्टेड’ हे ठरलेलं उत्तर येतं. नाव कोणतंही चालतं, फक्त आठ अक्षरांच्या आत हवं आणि सीडीवर किंवा डिस्कवर त्याच नावाची फाइल नको.

मात्र हाच संदेश दुसऱ्या कारणानेही येतो. ड्रायव्हरला सुरुवातीला ड्राइव्ह सापडलाच नाही तर तो मेमरीत राहतच नाही, आणि मग एमएससीडेक्सला नाव कुठून मिळणार? म्हणून आधी ‘स्टार्टिंग एमएस-डॉस’ ही ओळ दिसताच एफ८ दाबा आणि एकेक ओळ हो-हो करत पुढे जा. ड्रायव्हरच्या ओळीनंतर ड्राइव्हचं मॉडेल पडद्यावर उमटलं, तर दोष नावात. काहीच सापडलं नाही असं तो म्हणाला, तर दोष जंपर, केबल किंवा पोर्टमध्ये. एका केबलवर दोन उपकरणं असतील तर एक मास्टर, एक स्लेव्ह. एकटा ड्राइव्ह स्लेव्ह ठेवला तर काही ड्राइव्ह निमूट चालतात, काही सापडतच नाहीत. पहिल्या चॅनेलचा पोर्ट १एफ० हेक्स आणि आयआरक्यू (प्रोसेसरला हाक मारायची ओळ) १४, दुसऱ्याचा १७० आणि १५.

साउंड कार्डावरचा सीडी कनेक्टर हे वेगळंच प्रकरण. जुन्या कार्डांवर मित्सुमी, पॅनासोनिक, सोनी असे तीन-तीन कनेक्टर असतात. त्यातले ४० पिनांचे दिसायला आयडीईसारखेच, पण आतून आयडीई नव्हेत. तिथे आयडीई ड्राइव्ह लावून कितीही ड्रायव्हर बदला, काही होणार नाही. पॅनासोनिकच्या इंटरफेसला एसबीपीसीडी.सिस लागतो. साउंड ब्लास्टरवर खरंखुरं आयडीई असेल तर ते तिसरा चॅनेल म्हणून १ई८ वर बसतं, आणि एसबीआयडीई.सिसला /पी:१ई८,११,३ईई असं सांगावं लागतं. मदरबोर्डवर दुसरा चॅनेल मोकळा असेल तर सरळ तिथे जा.

आता मेमरी. ओकसीडीरॉम.सिस मेमरीत साधारण ३६ केबी घेतो. एमएससीडेक्स बफर सोडून पंचवीसेक केबी, आणि /एम: मधला प्रत्येक बफर सीडीच्या एका सेक्टरएवढा म्हणजे २ केबीचा. नेहमी दिसणारं /एम:१० म्हणजे २० केबी नुसत्या बफरांना. सगळं मिळून ऐंशीच्या घरात. व्हीआयडीई-सीडीडी पाचेक केबीत भागवतो आणि एसएचएसयूसीडीएक्स सहाच्या आसपास. ६४० केबीच्या जगात हा फरक म्हणजे एखादा गेम किंवा जुना कंपायलर सुरू होणार की नाही याचाच निकाल.

ड्रायव्हर ‘वर टाकला की झालं’, म्हणजे ६४० केबीच्या वरच्या मेमरीत टाकला की झालं, असं म्हणणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं. डिव्हाइसहाय लिहिलं म्हणजे ड्रायव्हर वर गेला असं नाही. ओकसीडीरॉमची फाइल ४१,३०२ बाइटची आहे. वरच्या मेमरीत एकसंध तेवढी जागा नसेल तर डॉस एक अक्षरही न बोलता तो खाली बसवतो. मेम /सी /पी चालवून ‘कन्व्हेन्शनल’ आणि ‘अपर मेमरी’ हे दोन स्तंभ बघा, तिथे खरं कळतं. मोठा ड्रायव्हर आधी, छोटे नंतर, असा क्रम लावला तर तुकडे कमी पडतात. डॉससोबतचा मेममेकर हेच आपोआप करतो, पण त्याने लावलेले /एल: चे आकडे नवीन ड्रायव्हर टाकल्यावर चुकीचे ठरतात आणि मग उगाच गोंधळ. आकडे काढून टाका आणि क्रम हाताने लावा. रंगीत व्हीजीए असेल तर वरची मेमरी सांभाळणाऱ्या ईएमएम३८६ ला आय=बी०००-बी७एफएफ दिल्यावर आणखी ३२ केबी मिळतात. त्यावर विंडोज ३.१ चालवायचं असेल तर सिस्टिम.आयएनआयमध्ये मोनोयूएमबी.३८६ टाकावं लागतं.

सध्याच्या कॉन्फिग.सिसमधला कामाचा भाग असा:

डिव्हाइस=सी:\डॉस\हायमेम.सिस /टेस्टमेम:ऑफ
डिव्हाइस=सी:\डॉस\ईएमएम३८६.ईएक्सई नोईएमएस एक्स=डीसी००-डीएफएफएफ
डॉस=हाय,यूएमबी
लास्टड्राइव्ह=झेड
डिव्हाइसहाय=सी:\ड्रायव्हर\व्हीआयडीई-सीडीडी.सिस /डी:एमएससीडी००१

आणि ऑटोएक्झेक.बॅटमध्ये:

एलएच सी:\ड्रायव्हर\एसएचएसयूसीडीएक्स /डी:एमएससीडी००१,आर
सी:\डॉस\स्मार्टड्रव्ह /एक्स २०४८

लास्टड्राइव्ह=झेड लिहायला काहीजण कचरतात. एका अक्षरामागे ८८ बाइट जातात, सगळी सव्वीस धरली तरी सव्वादोन केबी. त्यात कंजुषी करून नंतर ‘नॉट इनफ ड्राइव्ह लेटर्स’ वाचत बसण्यात अर्थ नाही. सीडीला आर हे लांबचं अक्षर मुद्दाम दिलं आहे. डॉस अक्षरं वाटताना आधी प्रत्येक डिस्कचं प्रायमरी पार्टिशन घेतो, मग लॉजिकल. दुसरी डिस्क प्रायमरीसकट लावली की पहिल्या डिस्कवरची डी: सरकून ई: होते, आणि सीडी ई: वर आहे असं गृहीत धरून बसवलेले सगळे प्रोग्रॅम बोंबलतात. दुसऱ्या डिस्कवर फक्त एक्स्टेंडेड पार्टिशन करून आत लॉजिकल ड्राइव्ह काढले तर जुनी अक्षरं हलत नाहीत.

एमएससीडेक्स अजिबात टाकून द्यावा का? नाही. काही इन्स्टॉलर नेमकं त्यालाच शोधतात, म्हणून बूट मेनूत त्याचा एक वेगळा पर्याय असू द्यावा. ६.२२ मधला स्मार्टड्रव्ह सीडीही कॅश करतो, म्हणजे वाचलेला डेटा मेमरीत धरून ठेवतो, पण एमएससीडेक्सच्या नंतर चालवला तरच. आधी चालवला तर सीडी त्याच्या यादीत येतच नाही. नुसतं स्मार्टड्रव्ह टाइप केलं की तक्ता दिसतो, त्यात सीडीचं अक्षर आहे का ते बघावं. /एक्स दिल्याने लिहिणं लांबणीवर टाकायचं बंद होतं. वेग थोडा घटतो, पण वीज गेली तर फाइल अर्धवट राहण्याची भीती कमी. आपल्याकडच्या विजेचा भरवसा बघता हा सौदा परवडतो.

सीडी लागली तरी वाचताना येणारे दोन संदेश नेहमीचे. सीडीआर-१०१ म्हणजे ड्राइव्ह तयार नाही: चकती अजून फिरतेय, उलटी आहे किंवा खराब आहे. सीडी-आरडब्ल्यू असेल तर जुन्या ड्राइव्हला ती दिसतही नाही, कारण तिच्यावरून उजेड फारच कमी परततो. सीडी-आर वापरा. सीडीआर-१०३ म्हणजे चकती वाचली, पण रचना हाय सिएरा किंवा आयएसओ ९६६० नाही. हल्लीच्या प्रोग्रॅमने निव्वळ यूडीएफ या नव्या रचनेत लिहिली की हे हमखास होतं. लिहितानाच आयएसओ पहिली पातळी निवडली तर नावं ८.३ मध्ये (आठ अक्षरं आणि तीन अक्षरांचं शेपूट) नीट येतात.

गेममधलं संगीत वाजत नसेल तर ड्रायव्हरला दोष देऊ नका. ते ऑडिओ ट्रॅकवरून येतं, आणि ड्राइव्हच्या मागून साउंड कार्डापर्यंत चार तारांची बारीक ॲनालॉग केबल नसेल तर आवाज येणार कुठून? एसएचएसयूसीडीएचडीने आयएसओ फाइल सीडी म्हणून लावता येते, सोय फार छान आहे, पण त्यातही ऑडिओ ट्रॅक वाजत नाहीत.

हार्ड डिस्कला डॉसमध्ये मुळात ड्रायव्हर लागत नाही, ते काम बायोसचं, म्हणजे मदरबोर्डवरच्या मूळ प्रोग्रॅमचं. म्हणून मर्यादाही बायोसच्याच. एलबीए (सेक्टरांना सरळ क्रमांक द्यायची पद्धत) नसलेल्या बायोसमध्ये १०२४ सिलिंडर, १६ हेड आणि ६३ सेक्टर, म्हणजे ५०४ एमबीवर गाडी थांबते. ६.२२ मध्ये एक पार्टिशन २ जीबीपेक्षा मोठं होत नाही, आणि तेवढ्या पार्टिशनवर एक क्लस्टर (फाइलीला मिळणारा जागेचा सगळ्यात छोटा तुकडा) ३२ केबीचा. हजारो छोट्या फाइली असतील तर ५०० एमबीचे चार तुकडे करा, क्लस्टर ८ केबीवर येतो आणि जागा वाचते. बायोसमध्ये डिस्क एलबीएवर तयार केली असेल तर नंतर नॉर्मल किंवा लार्ज करू नका, डेटा जागेवर असूनही वाचता येणार नाही. कॉम्पॅक्टफ्लॅशवर फॉरमॅट /एस करूनही नुसताच कर्सर लुकलुकत राहिला, तर एफडिस्क /एमबीआर हा बहुतेक वेळा उपाय, पार्टिशन ॲक्टिव्ह आहे ना ते तेवढं बघावं. पण ऑनट्रॅक डिस्क मॅनेजरसारखं ओव्हरले (बायोसची मर्यादा ओलांडायला डिस्कवर टाकलेला प्रोग्रॅम) टाकलेल्या डिस्कवर हाच आदेश चुकूनही देऊ नका. ओव्हरले त्याच पहिल्या सेक्टरमधून सुरू होतं, ते पुसलं की सगळी पार्टिशनं गायब. अशा मशीनवर फ्लॉपीही थेट लावायची नाही. ओव्हरले आधी चढू द्यायचं, मग स्पेसबार दाबून फ्लॉपीवर जायचं.

स्कझीत सगळ्यात आधी टर्मिनेशन, म्हणजे साखळीचं टोक बंद करणारे रोधक. साखळीच्या दोन्ही टोकांना, मध्ये कुठेही नाही. कार्डाचा आयडी ७, बूट होणारी डिस्क ० किंवा १, सीडी ३ किंवा ४. ० आणि १ वरच्या डिस्क कार्डाचं स्वतःचं बायोस सांभाळतं, त्यांच्यासाठी काही चढवायची गरज नाही. सीडीसाठी मात्र आधी कार्डाचा ड्रायव्हर अस्पी४डॉस.सिस, मग सीडीचा अस्पीसीडी.सिस /डी:अस्पीसीडी०, याच क्रमाने. आयडीई आणि स्कझी अशा दोन्ही सीडी असतील तर एमएससीडेक्स एकदाच चालवायचा आणि त्यालाच दोन /डी: द्यायचे. /एल:आर दिल्यावर पहिली आर, दुसरी एस.

खरा धोका वेगळाच आहे. हे कार्ड प्रोसेसरला न विचारता थेट मेमरीत लिहितं. ईएमएम३८६ चालू असताना वरच्या मेमरीचे पत्ते खरे नसतात, आणि कार्डाला ते माहीत नसतं. शिवाय आयएसए बसवरून ते पहिल्या १६ एमबीपलीकडे पोहोचतच नाही. परिणाम: मशीन गोठतं, किंवा त्याहून वाईट म्हणजे फाइली निमूटपणे बिघडतात. कॉन्फिग.सिसमध्ये डिव्हाइस=सी:\डॉस\स्मार्टड्रव्ह.ईएक्सई /डबल_बफर ही ओळ त्यासाठी. ती डिव्हाइसहायने कधीच टाकायची नाही. स्मार्टड्रव्हच्या तक्त्यात ‘बफरिंग’च्या स्तंभात सगळीकडे ‘नो’ आलं तर ओळ काढून टाका, एक जरी ‘येस’ असेल तर राहू द्या. वरच्या ईएमएम३८६ च्या ओळीतला एक्स=डीसी००-डीएफएफएफ हा भाग याच कार्डाच्या रॉमची जागा राखण्यासाठी आहे.

झिपबद्दल थोडक्यात. १०० एमबीच्या ड्राइव्हला गेस्ट.ईएक्सई हा ड्रायव्हर लागतो, आणि गेस्ट.आयएनआय आणि अस्पीपीपीएम१.सिस सोबत त्याच फोल्डरमध्ये हवेत. बायोसमध्ये पोर्ट ईपीपी या वेगवान पद्धतीवर ठेवा, नाहीतर गोगलगाय बरी. सीडी आर वर असल्याने झिपला पुढचं मोकळं अक्षर मिळतं आणि भांडण होत नाही. कायम चढवून ठेवण्यात अर्थ नाही, लागेल तेव्हा एका बॅच फाइलीतून चालवलेला बरा.

बाहेरून जोडलेल्या फ्लॉपीसाठी ड्रिव्हपार्म आणि ड्रायव्हर.सिस यांत गल्लत होते. ड्रिव्हपार्म=/डी:१ /एफ:७ आहे त्याच बी: ला १.४४ एमबीचं ठरवतो, ड्रायव्हर.सिस मात्र नवीन अक्षर तयार करतो. ७२० केबीसाठी /एफ:२. यूएसबीसाठी यूएसबीअस्पी.सिस आणि डीआय१०००डीडी.सिस ही जोडी आहे. पेनड्राइव्ह एफएटी१६ मध्ये आणि मशीन सुरू होण्याआधीच लावलेला हवा. यूएसबीअस्पीला /व्ही दिलं की कोणता कंट्रोलर सापडला ते दिसतं.

सुरुवात करणाऱ्याने आधी फक्त सीडी लावावी, मेम /सी ची यादी कागदावर उतरवून घ्यावी आणि मगच स्कझीचं कार्ड स्लॉटमध्ये घालावं. काही बिघडलंच तर एफ५ दाबून दोन्ही फाइली टाळून मशीन वर येतं. डिस्क ड्राइव्हस्पेसने (जागा वाचवायला डेटा दाबणाऱ्या डॉसच्या प्रोग्रॅमने) दाबलेली असेल तर कंट्रोल-एफ५, पण तेव्हा दाबलेला ड्राइव्ह दिसणार नाही, म्हणून एडिट.कॉम आणि क्यूबेसिक.ईएक्सई न दाबलेल्या भागावर आधीच कॉपी करून ठेवा. ६.२२ मधला एडिट क्यूबेसिकशिवाय उघडत नाही.