अमेरिकेत इमिग्रेशनची मदत शोधताना: न्याय खात्याचं रोस्टर कितपत उपयोगी?

अमेरिकेत इमिग्रेशनचा कायदेशीर सल्ला देण्याची मुभा मुख्यतः दोघांनाच आहे. एक, कुठल्याही राज्याचा चालू परवाना असलेला वकील. दोन, न्याय खात्याने मान्यता दिलेल्या ना-नफा संस्थेतला अधिकृत प्रतिनिधी. हा प्रतिनिधी वकील असलाच पाहिजे असं नाही. नोटरी मात्र सही खरी असल्याची साक्ष देतो, इमिग्रेशनचा सल्ला देण्याचा त्याला अधिकार नाही. अशा संस्था आणि प्रतिनिधींची यादी, म्हणजे रोस्टर, न्याय खात्याची ईओआयआर ही इमिग्रेशन कोर्टं चालवणारी शाखा मोफत प्रसिद्ध करते. एखादा माणूस खरा की खोटा हे तपासायला सुरुवात इथूनच करावी.

यादीच्या दोन पीडीएफ आहेत: एक राज्य आणि शहरानुसार, दुसरी प्रतिनिधींच्या नावानुसार. कुणी नाव सांगितलं असेल तर दुसरी उघडा. नावापुढे 'डीएचएस ओन्ली' (फक्त गृह सुरक्षा खात्यापुरती) असेल तर ती मान्यता अर्धी समजा. असा प्रतिनिधी यूएससीआयएसकडे (इमिग्रेशनचे अर्ज हाताळणारी त्याच खात्याची शाखा) अर्ज करू शकतो, इमिग्रेशन कोर्टात तुमच्या बाजूने उभा राहू शकत नाही. हातात कोर्टाची नोटीस असेल तर पूर्ण मान्यतेचाच माणूस हवा, आणि नेमकी हीच गोष्ट नजरेतून सुटते. मुदतही बघा. प्रतिनिधीची मान्यता ३ वर्षांची असते, संस्थेची ६ वर्षांची. शिवाय ती मान्यता संस्थेशी बांधलेली असते. संस्था सोडून घरून 'खासगी कामं' घेणाऱ्याकडे ती उरत नाही.

उणिवाही आहेत. या संस्था प्रामुख्याने कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी चालतात. त्या फी घेऊ शकतात, पण ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी काय सवलत आहे याचं लेखी धोरण त्यांना ठेवावं लागतं. कुटुंबाचे अर्ज, नागरिकत्व, आश्रय ही त्यांची नेहमीची कामं. एच-वन-बी (नोकरीचा व्हिसा) किंवा पर्मसाठी (नोकरीवरून ग्रीन कार्ड मिळवताना लागणारी श्रम खात्याची मंजुरी) तिथे फारसं काही हाती लागत नाही, त्याला वकीलच गाठावा लागतो.

वकिलाची खातरजमा राज्याच्या बारच्या, म्हणजे वकिलांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या, संकेतस्थळावर होते. इमिग्रेशनचा कायदा केंद्राचा, त्यामुळे टेक्सासमधल्या माणसाचं काम ओहायोचा परवाना असलेला वकीलही करू शकतो. म्हणून 'परवाना कुठल्या राज्याचा, बार नंबर काय' हे आधी विचारायचं. परवाना चालू आहे ना आणि शिस्तभंगाची कारवाई झाली आहे का, हे दोन्ही बघायचं. कारवाई झालेल्यांची ईओआयआरची वेगळी यादी आहे, तीही चाळावी.

आता सगळ्यात धोक्याची गोष्ट. हल्लीचे भामटे खऱ्या वकिलाचं नाव आणि खरा बार नंबर घेऊन व्हॉट्सअ‍ॅपवर येतात. यादीत नाव सापडतं आणि आपण निर्धास्त होतो. त्यामुळे समोरच्याने दिलेल्या नंबरवर विसंबू नका. बारच्या पानावर दिलेला नंबर स्वतः फिरवा आणि 'ही केस तुमच्याकडे आहे का' असं विचारा. व्हॉट्सअ‍ॅप कॉलवर 'कोर्टाची सुनावणी' आहे असं सांगितलं, किंवा फी गिफ्ट कार्डाने मागितली, तर तिथेच थांबा.

खरी कसोटी फॉर्म जी-२८ची. यूएससीआयएसकडे तुमच्या वतीने उभा राहणारा हा फॉर्म भरतो. त्याच्या दुसऱ्या भागात वकिलाला परवाना देणारी संस्था आणि बार नंबर लिहावा लागतो, प्रतिनिधीला संस्थेचं नाव आणि मान्यतेची तारीख. 'जी-२८ची गरज नाही, सही तुम्हीच करा, माझं नाव कुठेही नको' असं म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. नुसता अर्ज भरून देणाऱ्यालाही अर्जातल्या 'प्रिपेअरर'च्या रकान्यात नाव घालून सही करावीच लागते. कोऱ्या फॉर्मवर सही तर कधीच नको.

अर्ज गेल्यावर पावतीची प्रत मागा. पावती क्रमांक एकूण १३ चिन्हांचा असतो, ३ इंग्रजी अक्षरं आणि १० अंक. तो यूएससीआयएसच्या केस स्टेटस पानावर टाका आणि तिथे दिसणारा फॉर्म तुम्ही मागितलेलाच आहे ना, ते बघा. '१० वर्षं राहिलात, ग्रीन कार्ड मिळवून देतो' म्हणत काही जण गुपचूप आय-५८९, म्हणजे आश्रयाचा अर्ज, भरतात. प्रत्यक्षात १० वर्षांच्या वास्तव्यावर हद्दपारी रद्द करून घेण्याची ती सवलत फक्त इमिग्रेशन कोर्टात मागता येते, आणि त्यासाठी नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक जोडीदार, आई-वडील किंवा मुलांवर असाधारण हाल ओढवतील हे सिद्ध करावं लागतं. आश्रय नाकारला गेला की प्रकरण थेट हद्दपारीच्या कोर्टात जाऊ शकतं. जाणूनबुजून खोटा अर्ज केल्याचं ठरलं तर पुढच्या सगळ्या सवलतींची दारं कायमची बंद होतात.

आधीच फसला असाल तर तक्रार ईओआयआरच्या फसवणूक प्रतिबंध विभागाकडे आणि फेडरल ट्रेड कमिशनकडे करा. एजंटाने कागद अडवले असतील तर त्याच्या मागे लागण्यात दिवस घालवू नका. यूएससीआयएसकडून आपल्या फाइलची प्रत अमेरिकेच्या माहिती अधिकार कायद्याखाली (एफओआयए) ऑनलाइन मागवा. तुमच्या नावावर त्याने काय लिहून पाठवलं ते त्यात दिसेल, आणि नव्या वकिलाला पहिल्यांदा तेच लागेल.