बॉस डीएस-१ : बंडाचं पेडल, लग्नाच्या ऑर्केस्ट्रात

बॉसचं हे नारंगी डिस्टॉर्शन पेडल, म्हणजे गिटारचा आवाज मुद्दाम फाडणारी, पायाने दाबायची डबी, १९७८ पासून बाजारात आहे. दणकट, सुटसुटीत, वर फक्त तीन बटणं: टोन, लेव्हल, डिस्ट. निर्वाणा या अमेरिकन रॉक बँडच्या कर्ट कोबेनने आधी हेच वापरलं, नंतर डीएस-२. रॉकचं बंड म्हटलं की जो करकरीत आवाज आठवतो, त्यात या पेडलचा मोठा वाटा आहे. मराठवाड्यात मात्र ते आज दिसतं लग्नाच्या ऑर्केस्ट्रात, नाहीतर कॉलेजच्या गॅदरिंगला. तेही एखाद्या हिंदी गाण्याच्या मुखड्याआधी दोन-चार ओळींपुरतं.

आतलं काम सरळ आहे. ऑप-अँप (सिग्नल वाढवणारी चिप) सिग्नल फुगवतो आणि पुढचे दोन डायोड त्याची वरची-खालची टोकं कापतात. कापणी एकदम कडक, म्हणून खरखर जास्त. त्यात टोनचं सर्किट ५०० हर्ट्झच्या आसपासचा मधला भाग दाबतं. घरी छोट्या अ‍ॅम्पवर हे भारी वाटतं. स्टेजवर कीबोर्ड, ऑक्टोपॅड आणि बेस एकदम सुरू झाले की गिटार कुठे गेली कळत नाही, कारण गर्दीत कानाला सापडतो तो हाच मधला भाग. अशा वेळी गिटारवाला डिस्ट वाढवतो आणि गोष्ट आणखी बिघडते. डिस्ट घड्याळाच्या अकरावर ठेवा, टोन नऊ-दहावर, लेव्हल एकपर्यंत न्या. मिक्सरवर मिडचं बटण फिरतं असेल तर ८०० हर्ट्झच्या आसपास थोडं उचला. आणि कॉर्ड पूर्ण धरू नका. मूळ सूर आणि पंचम एवढंच वाजवा. त्यात गंधार आला की डिस्टॉर्शनमध्ये चिखल होतो.

आपल्याकडची खरी अडचण वेगळी आहे. इथे गिटारचा अ‍ॅम्प स्टेजवर क्वचितच असतो. साउंडवाला वायर थेट मिक्सरला खोचतो. गिटारचा स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वरचा आवाज आपोआप गाळतो. पीएचे (मंडपातल्या मोठ्या साउंड सिस्टिमचे) टॉप स्पीकर तो जसाच्या तसा फेकतात, आणि मग पहिल्या रांगेतली म्हातारी माणसं कानावर हात ठेवतात. दोष पेडलचा नाही. पेडलनंतर, मिक्सरच्या आधी, कॅब सिम्युलेटर (गिटारच्या स्पीकरसारखा आवाज गाळणारा डबा) लावा. तो परवडत नसेल तर त्या चॅनलचा हाय निम्म्याच्या खाली आणा. छोटा अ‍ॅम्प सोबत नेता आला तर सगळ्यात बरं: साधा डायनॅमिक माइक जाळीपासून दोन-तीन बोटांवर, स्पीकरच्या मधोमध न धरता जरा कडेला.

वीज ९ व्होल्ट डीसी, सेंटर-निगेटिव्ह. राउटरचा अडॅप्टर पिनेला बसतो म्हणून लावू नका. तो बहुतेक वेळा उलट्या ध्रुवाचा, अनेकदा १२ व्होल्टचा असतो. नशीब चांगलं असेल तर पेडल नुसतं गप्प बसतं, नसेल तर आतला डायोड जातो. मंडपात अर्थिंग धड नसतं, शेजारी लायटिंगचे डिमर, त्यामुळे घूंऽऽ असा आवाज येतो आणि डिस्टॉर्शन तो दामदुप्पट करतं. अशा ठिकाणी अडॅप्टर काढून ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी घाला. निदान तो आवाज शिरायची एक वाट बंद होते. जनरेटरवर कार्यक्रम असेल तर हे करायलाच हवं.

पेडल चांगलं आहे, तरी त्याला काम उरलेलं नाही. अमेरिकेत २०१७ साली नील्सन या संगीताचा खप मोजणाऱ्या कंपनीच्या आकड्यांत हिप-हॉप आणि आर अँड बीने पहिल्यांदा रॉकला मागे टाकलं. २०१८ मध्ये गिटार बनवणाऱ्या गिब्सन कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. त्यामागे मुख्यतः इलेक्ट्रॉनिक्सच्या धंद्यातलं कर्ज होतं, पण बातम्यांनी गिटारीचंच तेरावं घालून टाकलं. तांत्रिक कारणाकडे कुणी फार बघत नाही. डिस्टॉर्शनची गिटार गळ्याच्याच पट्ट्यात पसरते, आणि मोबाइलच्या स्पीकरवर तर तेवढाच पट्टा ऐकू येतो. शब्द ऐकू यायला हवेत म्हटलं की पहिली कात्री गिटारीला. स्पॉटिफायवर ३० सेकंद ऐकलं तरच एक प्ले मोजला जातो, म्हणून लांबलचक रिफने (गिटारीवर परत परत वाजणाऱ्या धूनने) सुरुवात करायची हिंमत कोण करणार? शिवाय खर्च. चौघांच्या बँडला ड्रम, दोन अ‍ॅम्प आणि तक्रार न करणारे शेजारी लागतात. रॅप करणाऱ्या पोराला मोबाइल आणि एक माइक पुरतो.

मुंबईत १९८६ मध्ये इंडिपेंडन्स रॉक हा रॉक बँडचा महोत्सव सुरू झाला, तशी जागा नांदेड-लातूरच्या पोरांना कधी मिळालीच नाही. पण मराठवाड्याचं बंड गिटारीसाठी थांबलेलंही नव्हतं. पेडल आलं त्याच १९७८ मध्ये, २७ जुलैला, विधिमंडळात विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. त्या सगळ्या काळात विद्रोह ढोलकी-पेटीवर गायला गेला आणि त्याला डिस्टॉर्शनची गरज पडली नाही. आज जयंतीच्या मिरवणुकीत तीच गाणी डीजेच्या बेसवर येतात. स्पीकरच्या त्या भिंतीसमोर डीएस-१ पूर्ण पिळलं तरी कुणाच्या लक्षात येणार नाही.

मग घ्यावं का? ऑर्केस्ट्रात रोज वेगवेगळी गाणी वाजवायची असतील तर नको. त्याच कामाला कॅब सिम्युलेटर असलेलं मल्टी-इफेक्ट (एकाच डब्यात अनेक पेडलचे आवाज) बरं पडतं. तीन-चार पोरांनी स्वतःची गाणी बांधायची ठरवलं असेल आणि एक तरी अ‍ॅम्प हाताशी असेल, तर जरूर घ्या. शिकायला यापेक्षा सरळ पेडल नाही.

जुनं मिळत असेल तर बिनधास्त बघा, फक्त तीन गोष्टी तपासा. बटणं फिरवताना खरखर आली तर ती धूळ असते, कॉन्टॅक्ट क्लीनरच्या एका फवाऱ्याने जाते. पायपट्टीखालचा स्क्रू सोडवून बॅटरीचा कप्पा उघडा. हिरवट मीठ साचलेलं असेल तर भाव पाडा. इनपुटचा जॅक हलवून आवाज तुटतो का ते ऐका. आणि वाजवून झालं की इनपुटची पिन उपसून ठेवा. पिन आत असेपर्यंत पेडल चालूच राहतं, लाल दिवा विझलेला असला तरी, आणि सकाळी बॅटरी मेलेली असते.